वानखडेजींच्या पुस्तकाचा मधला भाग

हे मी आमच्या यांना सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, आणि देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय शिताफीने टाळत आले आहे. तुम्हाला सांगतेय, कारण उद्या जिथे सांगायचं आहे तिथे जीभ अडखळायला नको. एकदा लिहून काढलं की मला मागे फिरता येत नाही. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी — फळ्यावर चुकलं तर पुसता येतं, कागदावर शाईने लिहिलेलं खोडायची मला सवय नाही.

पण आधी पुस्तकांबद्दल बोलू द्या. (पाहा, लगेच टाळाटाळ सुरू झाली. तरी बोलू द्या, त्याचा संबंध आहे.)

इंदूरमध्ये मराठी पुस्तक मिळवणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच ठाऊक. पुण्याहून कोणी येणार असलं की त्याच्या बॅगेत जागा मागायची, नाहीतर राजवाड्यामागच्या आमच्या मराठी वाचनालयात नंबर लावून बसायचं. त्यामुळे हाती लागेल ते मी वाचत आले आणि वाचता वाचता आवडीनिवडी पक्क्या झाल्या. मला बारीक पुस्तकं आवडतात. एका नर्सबाईने आपल्या वॉर्डाबद्दल लिहिलेलं एक पुस्तक मी तीनदा वाचलंय. नर्मदेच्या नावाड्यांवरची एक कादंबरी आहे, तिच्यात कोणी कोणाला उपदेश करत नाही, म्हणून ती कायम माझ्या उशाशी असते. आणि नावडतात कोणती? ज्यांत नायक पानपानभर खिडकीशी उभा राहतो ती. ज्यांत बायका फक्त चहा घेऊन येतात ती. आणि ज्यांच्या मागच्या पानावर लेखकाचा हनुवटीला हात लावलेला फोटो असतो, ती जवळजवळ सगळी.

असं मी जाहीरपणे बोलायची. बोलायची जागाही होती. आमच्या वाचनालयात संक्रांतीनंतरच्या रविवारी संध्याकाळी एक कार्यक्रम असतो — ‘तीन गोड, एक कडू’. दाराशी तिळगूळ हातावर ठेवतात, आणि मग एकेक वाचक उठून वर्षभरातली आवडलेली तीन पुस्तकं सांगतो आणि एक अपेक्षाभंग झालेलं. बहुतेकांचं कडू अगदीच मिळमिळीत असतं. कोणी म्हणणार अक्षर बारीक होतं, कोणी म्हणणार शेवट जरा घाईत झाला. माझं तसं नसायचं. मला म्हणून शेवटी ठेवायचे. आमचे सचिव सुधाकरभाऊ म्हणायचे, ताईंच्या कडूशिवाय तिळगूळ पचत नाही. माझी ख्याती होती — फटकळ, पण खरी. आणि मी दरवर्षी माइक हातात घेऊन पहिल्यांदा काय सांगायची, माहीत आहे? की मी शेवटच्या पानापर्यंत गेल्याशिवाय कोणत्याही पुस्तकाला कडू म्हणत नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांतीला दोनेक महिने होते तेव्हा एका सकाळी वानखडेजी आमच्या दारात उभे राहिले. महूहून स्कूटरवर आले होते. ओळख वाचनालयातलीच. तिसऱ्या रांगेत बसणारे, कधी फारसं न बोलणारे गृहस्थ. वडील फौजेत शिपाई होते म्हणून घर महूला. हे स्वतः तिथल्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होते आणि तिथूनच रिटायर झाले. आम्ही त्यांना वानखडेजी म्हणतो, इथे सगळेच ‘जी’. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक माझ्या हातात ठेवलं. ‘बॅरेकमागचं घर’. स्वतःच्या आठवणी, स्वतः छापून घेतलेल्या, कृष्णपुऱ्याकडच्या एका लहानशा छापखान्यात. आत पहिल्या पानावर लिहिलं होतं — ‘ताईंना, तुम्ही खरं सांगाल म्हणून.’

मी अकरा पानं वाचली. वाईट नव्हती. मग पुण्याहून एक जाडजूड कादंबरी आली, तिचा नंबर पुढे लागला, आणि वानखडेजींचं पुस्तक फ्रिजवर गेलं. आमच्या घरात जे फ्रिजवर जातं ते तिथेच राहतं.

ती पुण्याची कादंबरी मात्र मी शेवटपर्यंत वाचली, दात ओठ खाऊन वाचली. तिचा नायक सहाशे पानं स्वतःची कीव करतो. लेखक मोठे, नाव गाजलेलं, त्यामुळे मला जास्तच चेव आला. चार पानी टिपण काढलं. एकेक वाक्य घासून ठेवलं. त्या रविवारी नवी साडी नेसून, टिपण पर्समध्ये घालून निघाले, आणि निघताना फ्रिजवरचं पुस्तकही उचलून पिशवीत टाकलं. वानखडेजी भेटणार, त्यांचं पुस्तक हाताशी दिसलं तर बरं वाटेल त्यांना, असा हिशेब. चांगुलपणाच होता की तो?

सभागृहात शिरले तर सुधाकरभाऊंचा चेहरा लाल. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “ताई, आज तो सरप्राइज आहे. पुण्याचे साहेब आलेत, भाचीच्या लग्नाला आले होते इंदौरला, मी उचलूनच आणलं.”

साहेब म्हणजे तेच. सहाशे पानांचे.

ते व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसले होते. समोरून बरे दिसत होते, हनुवटीला हातही नव्हता. मी माझ्या जागेवर बसले आणि पर्समधल्या त्या चार पानांवर हात ठेवून राहिले. एकामागून एक वाचक उठत होते. माझी पाळी यायला पाऊण तास तरी होता — म्हणजे विचार करायला पाऊण तास होता, हे मुद्दाम सांगते, तेव्हाच्या तेव्हा तोंडून निसटलं असं कोणी समजू नये म्हणून. मी काय काय करू शकले असते? टिपण होतं तसं वाचू शकले असते. खरी होते ना मी? किंवा म्हणू शकले असते, यंदा कडू नाही. कोणी फासावर दिलं नसतं. पण त्या माणसाच्या तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, आणि आज ताईंकडे काही नाही असं लोकांनी म्हणावं, हेही सोसवत नव्हतं.

पिशवीत दोन पुस्तकं होती. एक वानखडेजींचं. दुसरं सुधाकरभाऊंच्या वहिनींचं, कवितांचं, परत द्यायला आणलेलं, ते मी पूर्ण वाचलं होतं आणि खरोखरच टाकाऊ होतं. कडूच म्हणायचं तर ते हक्काचं कडू होतं. मग हात वानखडेजींच्या पुस्तकावर का गेला? वहिनी पुढच्या रांगेत होत्या, आमच्याच जातीतल्या, आमच्याच भिशीतल्या. त्या रुसल्या असत्या, चार घरांत बोलल्या असत्या. वानखडेजी तिसऱ्या रांगेत होते, आणि ते कुठेच बोलणार नव्हते. हे मी तेव्हा मनात शब्दांनी म्हटलं नाही. हाताला ठाऊक होतं. चार वर्षं मी त्या क्षणाला ‘घाईगडबड’ असं नाव दिलं. घाई नव्हती. कोणाला दुखावलं तर आपल्याला काही होत नाही, हे आमच्या घरांत लहानपणापासून न शिकवता शिकवलेलं असतं, आणि मी ते शिकलेली होते.

मी उठले. तीन गोड सांगितली. मग नेहमीचं वाक्य बोलले, शेवटच्या पानापर्यंत गेल्याशिवाय वगैरे. आणि मग म्हणाले — शब्द न् शब्द आठवतो — “यंदाचं कडू आपल्याच एका वाचनमित्राचं आहे, ‘बॅरेकमागचं घर’. सुरुवात बरी आहे, पण मधला भाग इतका ओढलाय की पुस्तक हातातून सुटतं. आयुष्य प्रत्येकाने जगावं, पण प्रत्येकाने छापायलाच हवं असं नाही.”

शेवटच्या वाक्यावर हशा पिकला. पुण्याचे साहेब सगळ्यात मोठ्याने हसले, आणि — आता सांगतेच आहे तर हेही — मला बरं वाटलं.

अकरा पानांत मधला भाग कुठून येणार? मी तो पाहिलासुद्धा नव्हता. मला फक्त एवढं माहीत होतं की प्रत्येक पुस्तकाला मधला भाग असतो आणि तो ओढलाय म्हटलं की कोणी हरकत घेत नाही.

चहाच्या वेळी वानखडेजी माझ्याकडे आले. सोबत त्यांची पत्नी. मी मनातल्या मनात ढाल पुढे केली, पण ते हात जोडूनच म्हणाले, “ताई, तुम्ही पूरं वाचलं, माझ्यासाठी तेच बहोत आहे. मधला भाग म्हणजे नेमका कुठून जड जातो?”

अजूनही वेळ गेली नव्हती. मी म्हणाले, साठ-सत्तर पानांच्या पुढे. अंदाजाने. दीडशे पानांच्या पुस्तकाचा मध्य तेवढ्यातच कुठेतरी येतो, गणित सोपं आहे. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि तिळगुळाच्या पुडीच्या कागदावर लिहून घेतलं. त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, “त्यात तर आई आहे.”

“असू दे ना,” ते म्हणाले. “ताईंना जास्त कळतं.”

त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी चहात साखर कमी असल्याचं काहीतरी बोलले.

इथपर्यंतच असतं तर ते एक खोटं झालं असतं आणि कदाचित मी ते विसरलेही असते. पण दोन वर्षांनी वानखडेजींनी दुसरी आवृत्ती काढली. त्याच सभागृहात समारंभ केला आणि मला पाहुणी म्हणून वर बसवलं. प्रस्तावनेत त्यांनी लिहिलं होतं की ताईंच्या स्पष्ट मतामुळे मधलं एक पूर्ण प्रकरण गाळलं आहे, त्यामुळे पुस्तक आटोपशीर झालं. ते हे मोठ्याने वाचत होते आणि मी मान हलवत होते. मग शाल-श्रीफळ झालं. मी वाकून शाल घेतली. फोटोत माझा चेहरा अगदी प्रसन्न आलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात कोणी नसताना, मी पहिली आवृत्ती शोधून काढली. काय गाळलं ते पाहायचं होतं. पान चौसष्टपर्यंत आले आणि पुढचं पान उलटेना. बाइंडिंगवाल्याच्या हातून एक अख्खा फर्मा, सोळा पानं, वरच्या आणि बाहेरच्या कडेला कापायचा राहून गेला होता. पानं एकमेकांना जोडलेली, पाकिटासारखी बंद. पासष्ट ते ऐंशी. म्हणजे माझ्या प्रतीतला जो भाग ओढलाय म्हणून मी माइकवर सांगितलं होतं, तो कोणाही माणसाला वाचताच आला नसता. मी स्वयंपाकघरातली भाजीची सुरी आणली आणि पानं फाडत फाडत वेगळी केली. कडा वेड्यावाकड्या निघाल्या. मग ओट्याशी उभी राहूनच वाचलं.

ते त्यांच्या आईचं प्रकरण होतं. वडील फौजेत दूर असत, आई मेसच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला जायची. तिला अक्षर येत नव्हतं. चूल पेटवायला मेसमधले टाकून दिलेले कागद आणायची — जुनी वर्तमानपत्रं, पुड्यांचे कागद, कोणाची फाटकी पत्रं. आणि तिचा एक नेम होता. लिहिलेला कागद वाचल्याशिवाय चुलीत घालायचा नाही. मुलाला समोर बसवायची, एकेक तुकडा त्याच्या हातात द्यायची, तो वाचायचा, ती ऐकायची, आणि मगच कागद आत सरकवायची. कधी औषधाची जाहिरात, कधी कोण्या साहेबाच्या बायकोची तक्रार. भाकरीला उशीर व्हायचा. मुलगा भुकेने रडकुंडीला येऊन म्हणायचा, हे नुसतं साबणाचं आहे, जाळ. ती म्हणायची, कोणीतरी हाताने लिहिलंय ना, मग ऐकू दे.

मी आयुष्यात पुष्कळ वाचलं. त्या सोळा पानांइतकं चांगलं फार थोडं वाचलं. रडले मी. रडले, डोळे धुतले आणि पुस्तक परत फ्रिजवर ठेवलं.

हा माझा दुसरा गुन्हा, आणि हा पहिल्यापेक्षा मोठा आहे असं मला वाटतं. पहिल्या वेळी मी न वाचता बोलले. या वेळी वाचून गप्प बसले. त्या दिवशीच फोन उचलायचा होता. पण शाल घेऊन चोवीस तास झाले नव्हते, फोटो वाचनालयाच्या फलकावर लागला होता — कसं सांगणार होते? मग आठवडा गेला, मग वर्ष. पुढच्या दोन्ही संक्रांतींना मी कडू सांगितलं. लोक हसले. वानखडेजीही तिसऱ्या रांगेत हसले.

आता ‘आजच का’ ते सांगते. चार दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला. “ताई, एक काम होतं. पहिल्या आवृत्तीची कॉपी पडली असेल का तुमच्याकडे? मी तर नवीन आली तेव्हा सगळा गठ्ठा रद्दीवाल्याला देऊन टाकला. नात विचारते, आजोबा तुमची आई कशी होती. तो भाग माझ्याजवळ पण नाही ना आता. पुन्हा लिहायला बसलो, पण तसं येत नाहीये. असेल तर बघा, नाही तर रहने दो.” हस्तलिखिताची वही छापखान्यातच हरवली होती. वाचनालयातली प्रतही त्यांनी स्वतःच बदलून नवी ठेवली होती.

रद्दी. त्या आईच्या मुलाने, तिच्याबद्दल लिहिलेले ते सगळे कागद, माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून रद्दीत दिले.

मी फोनवर म्हणाले, बघते हं.

आणि परवा मी काय केलं? राजवाड्यापाशी झेरॉक्सच्या दुकानात गेले. त्या सोळा पानांच्या स्वच्छ प्रती काढायच्या, छान बांधून द्यायच्या, मूळ पुस्तक द्यायचं नाही — म्हणजे सुरीने फाडलेल्या कडा दिसणार नाहीत. आयुष्यभर पुस्तकं हाताळलेल्या माणसाला त्या कडा पाहून एका क्षणात कळेल की बाकीचं पुस्तक मशीनवर कापलेलं आहे आणि एवढीच पानं कोणीतरी नंतर उघडली आहेत. दुकानदार म्हणाला, “लाओ आंटीजी, कितनी कॉपी?” मी पुस्तक उघडून काचेवर धरलं होतं. बासष्ट वर्षांची बाई, अजून पुरावा लपवत होते. मी पुस्तक मिटलं, पिशवीत घातलं आणि चालत घरी आले.

येत्या रविवारी ‘तीन गोड, एक कडू’ आहे. आधी वाटलं तिथेच उभं राहून सांगावं, सगळ्यांसमोर. मग लक्षात आलं की तिथे सांगितलं तर टाळ्या पडतील. ताईंचा केवढा मोठेपणा, म्हणतील, सुधाकरभाऊंच्या डोळ्यांत पाणी येईल, आणि मी पुन्हा फटकळ पण खरी होऊन घरी येईन. शाल परत न्यावी असंही मनात आलं, पण तेही नाटकच, आणि ते सोसायचं वानखडेजींनी. सभागृहातही सांगणार आहे. ते नंतर. आधी ज्याचं आहे त्याला.

उद्या सकाळी साडेनऊच्या बसने महूला जातेय. कळवलेलं नाही. कळवलं तर त्यांच्या पत्नी पोहे करून ठेवतील. दार बहुतेक त्याच उघडतील. वानखडेजी बाहेर येतील, बसा म्हणतील, पाणी आणायला सांगतील. पाणी हातात घेतलं की मी पाहुणी होईन, आणि पाहुणी झाले की पुन्हा हवापाण्याचं बोलत बसेन. मी ओळखते मला. म्हणून उंबऱ्यावरच, पाणी यायच्या आधी, आणि त्या फाटक्या कडा ते स्वतः ओळखतील त्याच्याही आधी, पासष्टाव्या पानाशी उघडलेलं पुस्तक त्यांच्या हातात देऊन म्हणायचं — वानखडेजी, मी हे वाचलं नव्हतं.